डिझेल की इलेक्ट्रिक: पन्नास लाखांच्या एसयूव्हीचे हिशेब आणि हेलपाटे

जून २०२५ मध्ये गाडी बघायला सुरुवात केली तेव्हा गरज ठरलेली होती. पाच माणसांची, पन्नास लाखांच्या आसपासची, ऑटोमॅटिक आणि ऐन पावसाळ्यातही सावंतवाडीपर्यंत नेता येईल अशी एसयूव्ही. रोजचं धावणं पुण्यातल्या पुण्यात पस्तीस-चाळीस किलोमीटर, अधूनमधून कोकण, वर्षाला साधारण १५,००० किलोमीटर. हा वार्षिक आकडा अंदाजाने धरू नका. जुन्या गाडीच्या सर्व्हिस बिलांवर ओडोमीटरची नोंद असते, त्यावरून मागच्या दोन वर्षांची सरासरी काढा. पुढचे सगळे हिशेब त्याच आकड्यावर उभे राहतात आणि बहुतेकांच्या मनातला आकडा प्रत्यक्षापेक्षा बराच मोठा असतो.

आलिशान गाड्यांमध्ये डिझेलचे पर्याय आता मोजकेच आहेत. ऑडीने भारतात एप्रिल २०२० मध्ये बीएस-६, म्हणजे प्रदूषणाचे कडक निकष आल्यावर डिझेल बंद केलं. व्होल्वोने २०२४ च्या सुरुवातीला जगभरातच डिझेल गाड्यांचं उत्पादन थांबवलं. राहिल्या मुख्यतः बीएमडब्ल्यू, मर्सिडीज आणि लँड रोव्हर. मर्सिडीजची जीएलए डिझेलमध्ये मिळत होती, पण तिचीच विजेवरची बहीण ईक्यूए ६६ लाखांना आली होती, म्हणजे आमच्या आवाक्याबाहेर. खरी तुलना करण्यासारखी जोडी बीएमडब्ल्यूकडे होती. एकीकडे एक्स१ एसड्राइव्ह १८डी, म्हणजे दोन लिटर डिझेल, १५० अश्वशक्ती आणि ३६० न्यूटन मीटर टॉर्क. दुसरीकडे जानेवारी २०२५ मध्ये ४९ लाखांना आलेली लांब व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकांत जास्त अंतर असलेली) आयएक्स१, म्हणजे ६६.४ किलोवॉट-अवरची बॅटरी, २०४ अश्वशक्ती आणि कागदावर ५३१ किलोमीटरची रेंज. दोन्ही गाड्या मुळात एकाच घराण्यातल्या, किंमतही जवळपास सारखी. त्यामुळे ब्रँड, सीट, स्क्रीन हे मुद्दे बाजूला पडतात आणि इंधनाचा प्रश्न स्वच्छ समोर येतो.

जूनच्या शेवटी पहिलं कोटेशन हातात आलं. इथे लक्षात आलेली गोष्ट आधीच सांगतो, कारण ती बऱ्याच जणांच्या हिशेबात नसते. या किमतीच्या गाडीत डिझेल आणि विजेच्या खर्चातला फरक ही मोठी रक्कम नाही. मोठी रक्कम आहे रोड टॅक्स.

महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या, वीस लाखांवरच्या डिझेल गाडीला १५ टक्के कर आहे. पेट्रोलला तो १३ टक्के. ५० लाखांच्या डिझेल गाडीवर साडेसात लाख. गाडी कंपनीच्या नावावर घेतली तर २० टक्के, म्हणजे दहा लाख. इलेक्ट्रिकला शून्य. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात तीस लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांना ६ टक्के कर लावायचं ठरलं होतं, पण त्याच महिन्यात मुख्यमंत्र्यांनी विधान परिषदेत तो मागे घेत असल्याचं सांगितलं. मे महिन्यात आलेल्या राज्याच्या नव्या ईव्ही धोरणातही करमाफी कायम राहिली. तरीही बुकिंगच्या दिवशी करमाफी लागू आहे का, हे परिवहन विभागाच्या आदेशावरून तपासा. असे निर्णय वर्षाच्या मध्येही बदलतात आणि सेल्समनकडचा कागद जुना असू शकतो.

आता इंधन. डिझेल गाडीचं शहर-हायवे मिळून मायलेज आम्ही लिटरला १४ धरलं. १५,००० किलोमीटरला १,०७० लिटर, लिटरला ९० रुपये, म्हणजे वर्षाला ९६ हजारांच्या आसपास. इलेक्ट्रिकला १०० किलोमीटरला १८ युनिट, म्हणजे किलोवॉट-अवर, धरले. चार्जिंगमध्ये दहाएक टक्के वीज वाया जाते, ती धरून वर्षाला ३,००० युनिट. त्यातले ८० टक्के घरी ९ रुपयांनी आणि २० टक्के बाहेर जीएसटीसकट २५ रुपयांनी धरले तर ३६-३७ हजार. फरक वर्षाला साठ हजार. म्हणजे एकट्या रोड टॅक्समध्ये वाचणारे साडेसात लाख म्हणजे बारा वर्षांच्या इंधनाची बचत. वर्षाला ४०,००० किलोमीटर पळणाऱ्या माणसाचं गणित वेगळं निघेल, पण आमच्यासारख्या मध्यम वापराला ‘रनिंग कॉस्ट’ हा मुद्दा वाटतो तेवढा निर्णायक नाही.

विम्यात थोडा फरक पडतो. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम भरावा लागतो. १५०० सीसीच्या वरच्या गाडीला तो २४,५९६ रुपये आणि ६५ किलोवॉटच्या वरच्या इलेक्ट्रिकला २०,९०७ रुपये होता, वर १८ टक्के जीएसटी. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा मात्र कंपनीगणिक खूप बदलतो, त्यामुळे शोरूमचं कोटेशन घेऊन बाहेरच्या निदान दोन ठिकाणी विचारा. शोरूमकडूनच विमा घ्यायची सक्ती नाही. कोटेशनमध्ये ‘हँडलिंग चार्जेस’ अशी ओळ असेल तर ती काढायला सांगा, ती कुठल्याच सरकारी खात्यात जात नाही. एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने विक्रीच्या वेळी गोळा केलेला कर, मात्र कायदेशीर आहे. दहा लाखांवरच्या प्रत्येक गाडीवर तो लागतो आणि तो खर्च नाही, आगाऊ भरलेला आयकर आहे. नोकरदार माणूस त्यासाठीचा फॉर्म (२०२५ मध्ये तो १२बीएए होता) भरून ऑफिसला कळवू शकतो, मग पगारातून तेवढा टीडीएस कमी कापला जातो.

इलेक्ट्रिक गाडीच्या कर्जावरच्या व्याजाला आयकराच्या ८०ईईबी कलमाखाली दीड लाखांची सूट मिळते, असं आम्हाला दोन ठिकाणी सांगण्यात आलं. ती सूट ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच होती. आता ती हिशेबात धरू नका. व्यवसायाच्या नावावर गाडी घेणाऱ्यांसाठी मात्र घसाऱ्याचा मुद्दा मोठा आहे: साध्या गाडीला वर्षाला १५ टक्के, इलेक्ट्रिकला ४० टक्के. तुमच्या सीएला हा प्रश्न बुकिंगच्या आधी विचारा.

जुलैमध्ये दोन्ही गाड्या चालवून पाहिल्या. चालवायला दोन्ही उत्तम, त्यावर फार लिहायची गरज नाही. मागच्या सीटवर मात्र घरातल्या सगळ्यात उंच माणसाला अर्धा तास बसवा. इलेक्ट्रिक गाडीत फ्लोअरखाली बॅटरी असल्याने गुडघे वर येतात आणि मांड्यांना आधार कमी मिळतो. लांब व्हीलबेसमुळे, म्हणजे डिझेलच्या २,६९२ मिलिमीटरऐवजी २,८०० मिलिमीटरमुळे, पाय पसरायला जागा भरपूर मिळते, म्हणून आमच्याकडे तक्रार आली नाही. बूट उघडून स्टेपनी आहे की नुसतं पंक्चर किट, तेही बघून घ्या. सोसायटीचा रॅम्प आणि तिथला सगळ्यात उंच गतिरोधक पाच माणसं बसवून पार करायला सांगा. इलेक्ट्रिक गाडीच्या पोटाला घासणं म्हणजे बॅटरीच्या कवचाला घासणं, आणि ते नुकसान महाग असतं.

टेस्ट ड्राइव्हमध्ये खरी रेंज काढायची पद्धत अशी. ट्रिप कॉम्प्युटर शून्यावर आणायचा, एसी नेहमीसारखा ठेवायचा, सगळी माणसं बसवायची आणि हायवेवर ताशी ९५-१०० च्या वेगाने निदान ४० किलोमीटर जायचं आणि त्याच रस्त्याने परत यायचं. परत येणं महत्त्वाचं, कारण एका दिशेला उतार असेल तर आकडा फसवतो. आम्हाला युनिटला पावणेसहा-सहा किलोमीटर मिळाले. आता प्रवासात बॅटरी १०० ते ० अशी कुणी वापरत नाही. वाटेतल्या चार्जरवर ८० पर्यंत भरायची आणि दहाच्या खाली जाऊ द्यायची नाही, म्हणजे हाताशी ७० टक्के. वापरता येणारी ६४ युनिट धरली तर ४५ युनिट, म्हणजे २६०-२७० किलोमीटर. नियोजनाला हाच आकडा घ्या, ५३१ नाही. ताशी १२० ने गेलात तर यातलाही मोठा हिस्सा जातो, कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. समृद्धीवर १२० ची परवानगी असली तरी इलेक्ट्रिक गाडीत १०० ने जाऊन एक चार्जिंग थांबा वाचवलेला बहुधा लवकर पोहोचवतो.

डिझेलबद्दलही तेवढंच खोलात जाऊन बोललं पाहिजे, कारण शहरातल्या माणसाने नवं डिझेल घेण्यात एक धोका आहे आणि शोरूममध्ये तो कुणी आपणहून सांगत नाही. बीएस-६ डिझेलच्या सायलेन्सरमध्ये डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारी जाळी असते. ती भरली की इंजिन जादा डिझेल जाळून तिचं तापमान ६०० अंशांच्या आसपास नेतं आणि काजळी जाळून टाकतं. या रिजनरेशनला सलग पंधरा-वीस मिनिटं बऱ्यापैकी वेगाने धावणं लागतं. कोथरूडहून डेक्कनला जायचं, सिग्नलला थांबायचं, गाडी बंद करायची, असा रोजचा वापर असेल तर ही प्रक्रिया दर वेळी अर्धवट तुटते. मग जाळी तुंबते, न जळलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं, ऑइलची पातळी वाढते आणि शेवटी गाडी ताकद कमी करून ‘लिंप मोड’ला जाते. थांबल्यावर पंख्याचा मोठा आवाज, आयडलिंगचा आरपीएम नेहमीपेक्षा वर आणि अचानक घसरलेलं मायलेज ही रिजनरेशन चालू असल्याची खूण. अशा वेळी गाडी बंद न करता बाह्यवळणावर एक फेरी मारावी. ज्यांच्याकडे डिझेल आहे त्यांनी आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास ७०-८० च्या स्थिर वेगाने गाडी पळवावी.

दुसरं अ‍ॅडब्लू. हे ३२.५ टक्के युरियाचं द्रावण वेगळ्या टाकीत भरावं लागतं. ते संपलं तर चालू गाडी बंद पडत नाही, पण बंद केलेली परत सुरू होत नाही. डॅशबोर्डवर हजारएक किलोमीटर आधीपासून सूचना येते, ती दिसली की त्याच आठवड्यात भरा. पंपावर भरून घेत असाल तर समोर उभे राहा, कारण ते चुकून डिझेलच्या टाकीत गेलं तर सगळी फ्युएल सिस्टीम बदलायची वेळ येते.

रोज चाळीस किलोमीटरचं तुटक धावणं बघता डिझेल आमच्या कामाचं नाही, हे इथेच दिसायला लागलं. पण इलेक्ट्रिक घ्यायची तर पार्किंगमध्ये चार्जर हवा. तो बसणार की नाही हे कळेपर्यंत एक रुपयाही बुकिंगला द्यायचा नाही, असं ठरवलं. हा क्रम कृपा करून उलटा करू नका. आधी गाडी आणि मग सोसायटी, असं केलेल्या माणसांना महिनोन्‌महिने बाहेरच्या चार्जरवर गाडी नेताना पाहिलं आहे.

जुलैच्या मध्याला कमिटीकडे लेखी अर्ज दिला. तोंडी विचारलं की तोंडीच ‘बघू’ असं उत्तर येतं. अर्जाबरोबर चार कागद जोडले: पार्किंगचं अलॉटमेंट लेटर, परवानाधारक इलेक्ट्रिकल काँट्रॅक्टरने काढलेला मीटर रूम ते पार्किंग असा केबलचा नकाशा, लोडचा हिशेब आणि एक पानाचं हमीपत्र. हमीपत्रात लिहिलं की वेगळा मीटर घेऊ, सगळा खर्च आमचा, सोसायटीच्या सामायिक विजेला हात लावणार नाही, फ्लॅट विकला तर केबल स्वखर्चाने काढू. ते ५०० रुपयांच्या स्टँप पेपरवर करावं लागलं, कारण शंभराचे स्टँप पेपर ऑक्टोबर २०२४ पासून चालत नाहीत.

कमिटीच्या शंका सगळीकडे त्याच असतात आणि त्या रास्त असतात. आग लागली तर? उद्या वीस जणांनी मागितलं तर रोहित्र पुरेल का? बेसमेंटमध्ये पाणी शिरलं तर? याची उत्तरं तयार ठेवा. चार्जर गाडीशी बोलून सगळं जुळल्यावरच वीज सोडतो, गन, म्हणजे गाडीला लावायचा प्लग, लावलेली नसेल तर तिच्यात प्रवाह नसतो. प्रत्येक चार्जरला स्वतंत्र ३० मिलिअँपिअरचा आरसीबीओ, म्हणजे वीज गळताच तोडणारा स्विच असतो. चार्जरची पेटी आणि जोड जमिनीपासून चार-साडेचार फुटांवर ठेवले की साचलेल्या पाण्याचा प्रश्न मिटतो. रोहित्राचा मुद्दा मात्र खरा आहे. आमच्या अर्जाच्या निमित्ताने कमिटीने सगळ्या इमारतीच्या मंजूर लोडचा हिशेब काढून घेतला आणि पुढच्या अर्जदारांसाठी एकच केबल ट्रे टाकायचं ठरलं. एकट्यापुरती एनओसी मागण्यापेक्षा सगळ्यांना पुढे वापरता येईल असा आराखडा घेऊन गेलात तर बैठकीतला सूर बदलतो. कमिटीची बैठक महिन्यातून एकदाच, त्यामुळे एनओसी हातात यायला ऑगस्टचा दुसरा आठवडा उजाडला.

केंद्राच्या नियमांनुसार इलेक्ट्रिक वाहनासाठी घरच्याच जोडणीवरून चार्जिंग करता येतं किंवा वेगळी जोडणीही मागता येते. घरच्या मीटरवरून घेण्यात दोन अडचणी. एक, सिंगल फेजला महाराष्ट्रात साधारण ४० अँपिअरची मर्यादा आणि ७.४ किलोवॉटचा चार्जर एकटाच ३२ अँपिअर खातो. त्याच वेळी वरती गीझर आणि दोन एसी लागले की मेन ट्रिप. दोन, महिन्याचे दोन-अडीचशे युनिट घरच्या बिलात मिसळले की सगळं बिल वरच्या स्लॅबमध्ये जातं. म्हणून महावितरणच्या पोर्टलवर वेगळ्या थ्री फेज जोडणीचा अर्ज केला. एनओसी, पार्किंगचं पत्र, इंडेक्स टू (फ्लॅटच्या खरेदी-नोंदणीचा उतारा), आधार आणि काँट्रॅक्टरचा टेस्ट रिपोर्ट एवढे कागद लागले. २०२४ च्या दुरुस्ती नियमांप्रमाणे पूर्ण अर्जानंतर महानगरात तीन दिवसांत जोडणी मिळायला हवी. ‘पूर्ण अर्ज’ या शब्दांवर सगळं अडतं. टेस्ट रिपोर्ट म्हणजे वायरिंग झाल्याचा दाखला, त्यामुळे आधी केबल टाकून घ्या, मग अर्ज करा.

केबलचं गणित नीट समजून घ्या, कारण इथे काटकसर केली की चार्जर वर्षानुवर्षं त्रास देतो. आमचं अंतर साधारण ६० मीटर. सिंगल फेजवर ३२ अँपिअरसाठी ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल टाकली तर जाऊन-येऊन १२० मीटरमध्ये जवळपास १२ व्होल्ट पडतात, म्हणजे ५ टक्के. संध्याकाळी मुळातच व्होल्टेज कमी असतं, त्यात हे गेलं की चार्जर थांबतो किंवा वेग कमी करतो. १० चौरस मिलिमीटर टाकली तर ७ व्होल्ट, म्हणजे चालण्यासारखं. थ्री फेज ११ किलोवॉटला मात्र प्रत्येक फेजला १६ अँपिअरच लागतात, त्यामुळे ६ चौरस मिलिमीटरमध्येच घट तीन व्होल्टच्या आसपास राहते. शक्य असेल तर थ्री फेजच घ्या. गाडी रिकामी असली तरी सहा-साडेसहा तासांत भरते.

अर्थिंग वेगळं करा. इमारतीच्या सामायिक अर्थिंगवर विसंबून राहिलं की नव्वद टक्के ‘चार्जर चालत नाही’ या तक्रारी तिथूनच येतात, असं आमच्या काँट्रॅक्टरचं म्हणणं आणि ते पटण्यासारखं आहे. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधलं व्होल्टेज मल्टिमीटरने मोजायला सांगा, लोडवर ते दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. अर्थिंगच्या खड्ड्याचा, म्हणजे पिटचा रोध ५ ओहमच्या खाली आला की नाही, ते लिहून घ्या. आरसीबीओ मागवताना चार्जरमध्ये ६ मिलिअँपिअरचं डीसी गळतीचं संरक्षण आहे का ते आधी बघा. असेल तर टाइप ए पुरतो, नसेल तर टाइप बी लागतो आणि तो कितीतरी महाग असतो. केबल, ट्रे, अर्थ पिट, पॅनेल, मजुरी आणि जोडणीचं कोटेशन मिळून खर्च लाखाच्या आसपास गेला. शोरूमवाले ‘चार्जर बसवून देऊ’ म्हणतात तेव्हा त्यात किती मीटर केबल धरली आहे ते लेखी घ्या. पुढचे मीटर तुमच्या खिशातून जातात. पावसाने एकदा साइटची पाहणी पुढे गेली, पण सप्टेंबरच्या मध्याला मीटर लागला.

ऑगस्ट-सप्टेंबरात दोन गोष्टी बदलल्या. २२ ऑगस्टपासून अटल सेतूवर इलेक्ट्रिक गाड्यांना टोलमाफी सुरू झाली. राज्याच्या धोरणात मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गही आहेत. द्रुतगतीचा कारचा एका फेरीचा टोल तेव्हा ३२० रुपये होता, म्हणजे मुंबईला वारंवार जाणाऱ्याला हा फायदा लगेच दिसतो. आमच्या कोल्हापूरच्या रस्त्यावर त्याचा उपयोग नाही, कारण तो राष्ट्रीय महामार्ग. तिथे १५ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालेला फास्टॅग वार्षिक पास घ्या, तेव्हा तो ३,००० रुपयांना होता. २०० फेऱ्या किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते, आणि तो डिझेललाही मिळतो.

दुसरा बदल डिझेलच्या बाजूचा होता. २२ सप्टेंबरपासून मोठ्या गाड्यांवरचा जीएसटी आणि सेस मिळून ४८ ते ५० टक्क्यांचा भार ४० टक्क्यांवर आला. इलेक्ट्रिकचा ५ टक्के तसाच राहिला. मूळ किंमत तीच धरली तर ५० टक्क्यांवरून ४० वर येणं म्हणजे एक्स-शोरूममध्ये साधारण पावणेसात टक्के घट. ५० लाखांना सव्वातीन लाखांहून जास्त, वर रोड टॅक्समध्येही पन्नास हजार. त्यामुळे तराजू पुन्हा मांडला. तरी डिझेलचा सात लाखांचा रोड टॅक्स शिल्लक होताच, आणि डीपीएफचा प्रश्न जीएसटीने सुटत नाही.

राहिला प्रश्न सावंतवाडीचा. पुणे ते कोल्हापूर २३० किलोमीटर, तिथून आजरा-आंबोलीमार्गे सावंतवाडी आणखी १३०-१४०. पूर्ण भरलेली गाडी कोल्हापूरला पस्तीस-चाळीस टक्क्यांवर पोहोचते. तिथे जेवणाचा थांबा आणि चार्जिंग. घागर भरत आली की नळ बारीक करतात तसा ८० टक्क्यांनंतर डीसी, म्हणजे बाहेरच्या जलद चार्जिंगचा वेग उतरतो, म्हणून सगळे ८० ला निघायचा सल्ला देतात. आंबोलीकडे जाताना मात्र ९० करून निघा, आणि त्याचं कारण पावसाळा. ८० ने निघालात तर सावंतवाडीला पन्नासच्या आसपास पोहोचाल, कारण घाट उतरताना रिजनरेशनने (हे डिझेलच्या जाळीचं नव्हे, वेग कमी करताना मोटरने वीज बनवण्याचं) थोडी वीज परत मिळते. पण कोकणात जुलैमध्ये दोन दिवस वीज नसणं नवीन नाही. गावच्या घरी चार्जिंग झालंच नाही तर परत कोल्हापूर गाठायला चढासकट २७ युनिट, म्हणजे ४२ टक्के लागतात. भरलेली, अडीच टनाच्या आसपासची गाडी सहाशे मीटर वर चढवायला सपाट रस्त्यापेक्षा चारएक युनिट जास्त लागतात. पन्नास टक्क्यांवर हे जेमतेम निभतं, साठवर निर्धास्त. तो दहा-पंधरा मिनिटांचा फरक कोल्हापूरलाच सोसावा.

घाटमाथ्यावर मुक्काम असेल तर उलट काळजी घ्या. महाबळेश्वरला किंवा लोणावळ्याला रात्रभर लावून १०० टक्के भरली आणि सकाळी लगेच घाट उतरायला लागलात तर बॅटरीत जागाच नसते, रिजनरेशन बंद राहतं आणि सगळा भार ब्रेकवर येतो. तिथे ८५-९० वर चार्जिंग थांबवायचं सेटिंग करा.

गावी चार्जिंगसाठी १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट थेट मेन बोर्डापासून ४ चौरस मिलिमीटरच्या वायरने काढून घ्या. पंपाच्या किंवा गीझरच्या जुन्या पॉइंटवर दहा तास सलग भार टाकला की प्लगची पिन वितळते. अडीच-तीन किलोवॉटने रात्रभरात २५-३० युनिट जातात, तेवढे पुरतात. बाहेरचा चार्जर निवडताना पेटीवरचा आकडा बघून फसू नका. ६० किलोवॉटच्या पेटीला दोन गन असतील आणि शेजारी दुसरी गाडी लागली तर तुमच्या वाट्याला ३० च येतात. शक्यतो १२० च्या वरचे निवडा, वाटेत निदान तीन वेगवेगळ्या नेटवर्कची अ‍ॅप घेऊन प्रत्येकात दोनशे-तीनशे रुपये आधीच भरून ठेवा, आणि पोहोचण्यापूर्वी अ‍ॅपमध्ये शेवटचं यशस्वी चार्जिंग केव्हाचं आहे ते बघा. तीन दिवसांपूर्वीचं असेल तर तो चार्जर बंद आहे असं समजून पुढचा धरा.

याच ठिकाणी डिझेल ज्यांच्यासाठी योग्य आहे ती माणसंही दिसतात. पार्किंगमध्ये चार्जर बसूच शकत नाही, किंवा आठवड्याला पाच-सहाशे किलोमीटर विदर्भ-मराठवाड्यातल्या आडवाटांनी जायचं आहे, वेळ ठरलेली नाही, थांबे ठरलेले नाहीत. त्यांचं डीपीएफ कधी तुंबणार नाही आणि टाकी पाच मिनिटांत भरेल. चार-पाच वर्षांत गाडी विकणाऱ्यांनीही विचार करावा, जुन्या बाजारात आज डिझेलला जास्त ग्राहक आहेत. आमचा विचार आठ-दहा वर्षं वापरायचा होता आणि बॅटरीची वॉरंटी आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर.

दसऱ्याच्या आसपास इलेक्ट्रिकचं बुकिंग केलं आणि दिवाळीच्या आधी गाडी ताब्यात आली. नोंदणीच्या आधी यार्डात जाऊन पाहणी करा, नंतर केलेल्या तक्रारीला वजन राहत नाही. व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) प्लेटवरून बनल्याचा महिना, टायरच्या भिंतीवरच्या चार अंकांवरून टायरचा आठवडा आणि वर्ष, चार्जिंग केबलच्या दोन्ही टोकांच्या पिन्स हे सगळं बघा. एसी आणि डीसी दोन्ही पद्धतींनी दहा-दहा मिनिटं चार्ज करून दाखवायला सांगा. महिनोन्‌महिने यार्डात उभी असलेल्या गाडीची १२ व्होल्टची छोटी बॅटरी कमकुवत झालेली असते. इलेक्ट्रिक गाडीतही ती असतेच आणि ती बसली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही, म्हणून तिचा टेस्ट रिपोर्ट मागा. विम्यात झीरो डेप (घसारा न कापता भरपाई), बॅटरीत पाणी शिरण्याचं आणि चार्जरचं कव्हर, आणि उंदरांनी वायरी कुरतडल्याचं कव्हर घ्या. शेवटचं हसण्यावारी नेऊ नका, हाय व्होल्टेजचा हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, तुकड्यात दुरुस्त होत नाही, सबंध बदलतात.

हिरवी नंबरप्लेट आठवड्याभरात आली. त्यानंतरची कामं लहान पण राहून जाणारी आहेत. फास्टॅगला गाडीचा नोंदणी क्रमांक लागला आहे का ते पाहा. माफी असलेल्या नाक्यावर पैसे कापले गेले तर त्याच दिवशी फास्टॅग देणाऱ्या बँकेच्या अ‍ॅपमधून तक्रार टाका आणि आरसीची प्रत जोडा. आयकर पोर्टलवरच्या तुमच्या कराच्या नोंदीत (२०२५ मध्ये फॉर्म २६एएस) टीसीएस तुमच्याच पॅनवर दिसतो का, ते पुढच्या तिमाहीत तपासा. आणि चार्जरच्या मीटरचं पहिलं बिल आलं की रकमेच्या आधी त्यावरचा टॅरिफचा प्रकार वाचा. तिथे ईव्ही चार्जिंगऐवजी घरगुती किंवा व्यावसायिक लागलेलं असेल तर एनओसी आणि आरसी जोडून लगेच दुरुस्तीचा अर्ज द्या, म्हणजे फरक पुढच्या बिलात वळता होतो.